जोडाची अकरावी पायरी

मावशीच्या हातचा जोड तडकत नाही, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन जातींच्या काचनळ्या ज्योतीवर एकजीव करायच्या, म्हणजे हाडवैर असलेल्या दोघी जावांना एका पाटावर बसवण्यासारखं. परदेशातल्या मूळ कंपनीच्या शिकल्यासवरल्या इंजिनिअरांनाही ते साधेना. शेवटी त्यांनी कॅमेरेवाले पाठवले, मावशीचं काम टिपून नेलं आणि सहा महिन्यांनी तिलाच बोलावणं धाडलं. आमच्या बायका कशा शिकल्यात ते बघा, काही राहिलं असेल तर सांगा.

"आता लेक आईला शिकवणार म्हणायची!" नवरा हसला. "माहेरपण करून ये, पण तिकडे रमू नकोस."

तिथल्या लांबलचक खोलीत बारा बायका बारा बर्नरपुढं बसल्या होत्या. बाराहीजणींनी उजवं कोपर बरगडीला घट्ट लावलं होतं. लहानपणी हात मोडल्यापासून मावशी तशी बसायची. तिला हसू फुटलं. माकडाच्या हाती कोलीत नको म्हणतात, इथं तर कोलीत धरायची तऱ्हाही उचललेली!

जोड लालबुंद झाला तशा सगळ्याजणी थांबल्या. डाव्या मनगटानं डोळे पुसले, दाराकडे बघितलं आणि अडखळत्या उच्चारात एका सुरात म्हणाल्या, "आले गं."

ते शब्द मावशीचेच होते.

कॅमेरेवाले आले त्या दिवशी तिची थोरली बहीण इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती. आईमागे तिनंच हिला वाढवलेलं. कॅमेरेवाले परत जातील म्हणून मावशीनं "काम उरकून येते" असा निरोप धाडला होता. जोड हातात असतानाच ऑफिसातला माणूस दारात येऊन नुसता उभा राहिला, आणि ती काय ते समजली. हातातली काच तिनं खाली ठेवली नाही; मनगटानं डोळे पुसले आणि दाराकडे बघत ताईला म्हणाली, "आले गं."

"हे काढून टाका," ती दुभाषी मुलीला म्हणाली. "हे कामातलं नाही. माझं घरचं आहे."

प्रशिक्षण बघणाऱ्या बाईंनी कागद पुढं केला. त्यावर ती अकरावी पायरी म्हणून लिहिली होती. "गाळून बघितली. दहातले सात तडकले. तेवढाच वेळ घड्याळ लावून थांबलो, तरी तडकले."

"काहीतरीच!" मावशी स्वतः बर्नरपुढं बसली. डोळे पुसले नाहीत, दाराकडे बघितलं नाही. जोड गार होता होता टक्कन वाजला. दुसराही. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या हातचं काम असं वाया गेलं.

बाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हाला बोलावलं ते एक विचारायला. दाराकडे बघितलं की तिथं कोणीतरी उभं असतं. सगळ्यांना दिसतं. कोण आहे?"

"कसं दिसतं?"

"उंच बाई. पांढरी वेणी, ती पुढं घेतलेली. एका पायात चप्पल नाही."

इस्पितळात नेताना ताईची एक चप्पल जिन्यातच राहिली होती. हे मावशीनं नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

"काय करते?"

"जोड बघते. मान हलवते. जाते."

मावशीनं तिसरा जोड घेतला. डोळे पुसायची गरज नव्हती, ते आपसूक वाहत होते. "आले गं," म्हणत तिनं दाराकडे बघितलं. रिकामं दार, पलीकडे भिंत. आजूबाजूच्या बायका मात्र तिकडेच बघत होत्या, आणि त्यांच्यातली एक हळूच बाजूला सरकली, कुणाला वाट द्यावी तशी.

जोड अखंड निघाला.

निघताना सुधारणेचा तक्ता भरायचा होता. मावशीनं एकच ओळ लिहिली: काम चालू असताना दार लावू नये. महिन्याभरात ती सूचना सगळ्या उपकंपन्यांत गेली, तिच्या कारखान्यातही आली.

तिथं आता नव्या मुलींचे जोडही टिकतात. मावशीला कोणी दिसत नाही. कामावरून सुटताना ती त्यांच्यापाशी थांबते आणि चाचरत विचारते, "आज कशी होती गं?"

"बरी होती, मावशी," मुली सांगतात. "आज जरा जास्त वेळ थांबली."