सरकलेलं बटण

धाकटी लेक पडद्यावरची बटणं बनवायची, तेच तिचं पोट. प्रत्येक बटणाचे गुण ठरलेले: त्यावर काय लिहिलंय, ते कुठे बसतं, दिसतं की नाही. विचारलं की सांगतं, हुकूम केला की बदलतं. माणसांपेक्षा सरळ बिचारी, असं ती म्हणायची.

झटका येऊन बाबांची वाचा गेली, तेव्हा तिने टॅबलेटवर त्यांच्यासाठी पाच बटणं मांडली. सगळ्यात आधी 'आई', मग पाणी, जेवण, दुखतंय, संडास. दाबलं की स्वयंपाकघरातल्या फोनवर शब्द उमटायचा. आई हात पुसत यायची. "आले, आले! काय घर पेटलंय का?" बाबा दिवसातून चाळीस वेळा बोलवायचे. काम काही नाही, नुसतं बघायचं. सोमवारी ती वैतागून म्हणाली, "आता बोलावलंत तर येणारच नाही, सांगून ठेवते!" आणि पिशवी घेऊन बाजारात गेली. तिथेच कोसळली.

दादा म्हणाला, "बाबांना एवढ्यात कळता कामा नये. मावशीकडे गेलीय म्हणायचं." थोरला तो, त्याच्यापुढे बोलणार कोण! धाकटीने डोळे पुसले आणि आईच्या बटणाचा 'दिसणं' हा गुण 'नाही' करून टाकला. एका ओळीचं काम.

दुसऱ्या दिवसापासून फोनवर एकच धोशा. पाणी. पाणी. पाणी. ती ग्लास घेऊन धावायची, बाबा तोंड फिरवायचे आणि तिच्या पाठीमागे दाराकडे बघायचे. दादाने साखर तपासायला बाबांचं रक्त दिलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

चौथ्या दिवशी बाबांनी ग्लास भिरकावला. काचा भरून झाल्यावर धाकटीला वाटलं, बटणच बिघडलं असेल. ती पाण्याच्या बटणाचे गुण वाचायला बसली. अक्षरं बरोबर, रंग बरोबर. जागा: पहिली.

पहिली जागा आईची होती.

एक बटण लपलं की बाकीच्यांनी सरकून जागा भरायची, ही हुशारी तिनेच घातलेली. आणि बाबा वाचतात, हे सगळ्यांनी आपलं धरूनच चाललेलं. अहो, अक्षरं तर वाचेबरोबरच गेली होती! बोटाला फक्त जागा पाठ होती. तीन दिवस तो माणूस बायकोला हाका मारत होता आणि ही शहाणी त्याला पाणी पाजत होती. धाकटीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिने दादाला विचारलं नाही. बाबांच्या पायाशी बसली.

"बाबा, आई मावशीकडे नाही. आई गेली. सोमवारी, बाजारातच."

बाबांनी चालता हात उचलून स्वयंपाकघराकडे दाखवला, वाकड्या तोंडाने जमेल तसा एक गाल फुगवला, आणि मान हलवून विचारलं.

रुसली नव्हती?

"नाही हो बाबा," धाकटी कशीबशी म्हणाली. "रुसली नव्हती. जिवंत असती तर आलीच असती."

तेव्हा कुठे बाबा रडले.