दोन हात दोरी

जेवणे आटोपल्यावर तिने मेज पुसून घेतले आणि त्यावर उद्याचा समुद्र मांडला. मोठे ताट म्हणजे किनाऱ्याने कवेत घेतलेले उथळ पाणी, मिठाची वाटी म्हणजे मधला खडक आणि आडवा ठेवलेला चमचा म्हणजे प्रवाळाची कड. मग शिवणाच्या डब्यातून तिने दोन बटणे काढली. झग्याचे पांढरे, ते ती स्वतः. ओव्हरकोटाचे काळे, ते नवरा.

"मी एवढा जाडा?"

"डब्यात दुसरं काळं नव्हतं. आता लक्ष द्या."

त्याचा उभा जन्म गोदीत पाणबुड्या म्हणून गेला होता. जहाजांची बुडे खरवडणे, पंख्यात गुंतलेले दोर कापणे, हाच त्याचा धंदा. निवृत्त झाल्यापासून मात्र तो पाण्याकडे फिरकला नव्हता. ती शिंपीण. पन्नाशी उलटल्यावर, लेकीच्या शब्दांत 'म्हातारचळ लागून', ती किनाऱ्यावरच्या एका तरुण शिक्षिकेकडे बुडी मारायला शिकली. आपला माणूस वर्षानुवर्षे काय बघून घरी येत होता, ते तिला एकदा त्याच्याबरोबर पाहायचे होते. उद्या शिक्षिकेला किनाऱ्यावर ठेवून दोघे प्रथमच एकत्र खाली जाणार होते, आणि तिची एकच अट होती: एकाने वाळूवर उभे राहून बेत सांगायचा, दुसऱ्याने तो चुकल्याशिवाय परत म्हणून दाखवायचा.

"प्रवाह वाटीच्या बाजूने येतो," तिने बोट फिरवले. "जाताना त्याच्या तोंडावर जायचं. येताना आपण दमलेले असणार, तेव्हा तोच आणून सोडेल."

"खोली?"

"दोन मजले. फार तर."

"म्हणजे न्हाणीघर!"

"न्हाणीघरातच माणसं पाय घसरून पडतात," ती म्हणाली. "पाणी कोमट, म्हणून थंडी वाजत नाही. उथळ, म्हणून हवा पुष्कळ पुरते. मग माणूस हवेचा काटा बघायचा विसरतो. ज्याचा काटा आधी अर्ध्यावर येईल त्याने खूण करायची आणि दोघांनी वळायचं."

"तुझाच येणार. बोलतेस किती!"

"तोंडात नळी असते, अहो."

"तीच तर खरी सोय."

तिने हसू दाबले. कोपऱ्यात त्याचा कामावरचा वजनाचा पट्टा पडला होता. तिने तो एका हाताने उचलू पाहिला आणि नाद सोडला.

"हा बांधणार?"

"मग? यानं मी तळावर भिंतीसारखा उभा राहतो."

"उभं कुठं राहायचंय? पाय टेकला की वाळू उठणार, प्रवाळ मोडणार. शिवाय तुमचा जाड सूट तुम्हाला वर उचलायचा, म्हणून एवढं शिसं. उद्या पातळ सूट आहे."

हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. सवयीचे हात डोक्याला विचारत नाहीत, इतकेच. त्याने मुकाट्याने शिशाचे निम्म्याहून अधिक तुकडे काढून ठेवले.

"आता शेवटचं. तुम्ही पुढे असाल, तर मधूनमधून मागे वळून माझ्याकडे बघायचं."

"बघेन की."

"बाजारात बघता? पिशव्या घेऊन मी मागे, आणि तुम्ही पोचलेले असता चौकात."

"बाजारात काय बुडणार आहेस?"

तिने ताटातले पांढरे बटण उचलून डब्यात टाकले. "मग मी बाईंबरोबर जाते. चेष्टा नाही करत. खाली माझ्या हवेचं काही बिघडलं, तर माझा पुढचा श्वास तुमच्या पाठीवरच्या सिलिंडरात असतो. तो पाठमोरा निघून गेला तर मी हाक कुणाला मारू?"

त्याने काळे बटण उचलले आणि चिमटीत फिरवत राहिला. तो रागावला असावा असे तिला वाटले. पण तो बोलला तेव्हा आवाज अगदी खाली आला होता.

"मला बघायची सवयच नाही गं."

"म्हणजे?"

"गोदीतलं पाणी चहासारखं. चहा बरा, कपाचा तळ तरी दिसतो. डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखंच. सगळं हातांनी चाचपून करायचं. बरोबर कुणी असलं तरी दिसणार कसं?"

"आणि मासे? लेकीला सांगायचात ते, पिवळ्या पट्ट्यांचे?"

"ती लहान होती. चिखल काय सांगायचा तिला?"

त्याच्या वर्णनावरून तिने लेकीच्या पांघरुणावर पिवळ्या पट्ट्यांचे मासे शिवले होते. ते पांघरूण अजून कपाटात होते. इतकी वर्षे तिने ज्याचा हेवा केला तो समुद्र त्याने पाहिलाच नव्हता, आणि आज रात्रीच्या या टाळाटाळीत गर्व नव्हता, धास्ती होती.

"मग तुम्ही ठीक आहात हे वर कसं कळायचं?"

"दोरीनं. वर दोरीवाला बसायचा. त्यानं एक हिसका दिला की, ठीक आहेस ना? मी उलट एक दिला की, आहे. बस, एवढंच. तरी तुझ्यापेक्षा त्याच्याशीच जास्त बोललोय मी."

"ते काय सांगायला हवं?" असे म्हणत तिने खण उघडला, जाड सुती दोरी काढली आणि दोन हात मोजून कापली. "पुढे मी, मागे तुम्ही. मनगटाला बांधायची नाही हं, मुठीत धरायची. कुठे अडकली तर सोडता आली पाहिजे."

"टोकांना गाठी मार," तो म्हणाला. "ओल्या हातातून निसटते." त्या बेतात त्याने आपणहून घातलेली ही पहिली भर होती. तिने गाठी मारल्या. त्याने चिमटीतले काळे बटण ताटात ठेवले, आणि तिने पांढरे त्याच्या पुढे.

सकाळी वाळूवर त्याने सगळा बेत शहाण्या मुलासारखा म्हणून दाखवला.

"काका, अंगठा वर केला म्हणजे?" शिक्षिकेने विचारले.

"छान!"

"काका!"

"वर चला. गंमत केली."

"खाली गंमत नको," बायको म्हणाली आणि मुखवटा चढवला.

पाणी अंगाला लागत नव्हते, इतके कोमट होते. उन्हाच्या जाळ्या वाळूवर हलत होत्या. ती पुढे निघाली. थोडे पोहून तिने दोरीला हिसका दिला. उलट हिसका आला. पुन्हा दिला, पुन्हा आला. खडक गाठला तेव्हा तिने पुन्हा हिसका दिला. उत्तर आले नाही. पुन्हा दिला. दोरी सैलच होती. श्वास रोखायचा नाही, हा पहिला धडा मनात म्हणत ती गर्रकन वळली.

तो हातभर अंतरावर होता. वाळूला न टेकता, आडवा, स्थिर तरंगत होता. दोरीचे टोक त्याच्या मुठीतून केव्हाच सुटले होते आणि त्याच्याभोवती पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा थवाच्या थवा फिरत होता. तिने रागाने दोरीचे टोक पुढे केले. त्याने नकारार्थी मान हलवली. दोन बोटे आपल्या डोळ्यांकडे नेली आणि मग तिच्याकडे केली. त्याला ती दिसत होती.

तिने दोरी गुंडाळून खिशात घातली. त्यानंतर ती जेव्हा जेव्हा मागे वळली, तेव्हा तो तिच्याकडेच पाहत होता. काटा आधी अर्ध्यावर आला तो त्याचा. खूणही त्यानेच केली, आणि दोघे वळले.

पाण्यावर डोके काढताच त्याने तोंडातली नळी काढली. "पट्टे काळे असतात गं! पिवळे नाहीत, पिवळं अंग असतं!"

"मग पांघरूण उसवू?"

"राहू दे. लेकीला मी समजावतो."

मग नेहमीप्रमाणे तो भराभरा किनाऱ्याकडे निघाला. गुडघाभर पाण्यात पोचल्यावर मात्र थांबला, मागे वळला, आणि ती येईपर्यंत तिथेच उभा राहिला.