शेजारी बसल्यावर

गुरुवारी दुपारी पर्निलाने आपल्या गटाला एक साधा प्रश्न विचारला आणि तिला उत्तर मिळालं नाही.

गट नर्सेसचा होता. उत्तर स्वीडनमधल्या लांब लांबच्या गावांत, आपापल्या घरी बसून, त्या आजारी माणसांचे फोन घेत. ताप किती आहे, धाप लागते का, आत्ताच निघायचं की सकाळपर्यंत वाट पाहायची, हे शांतपणे सांगत. पर्निला त्यांची प्रमुख, पण ती राहायची पार दक्षिणेच्या टोकाला, माल्मोत. शरद ऋतूत तिने हे काम हाती घेतलं, तेव्हापासून तिने त्यांना फक्त स्क्रीनवर पाहिलं होतं.

"वरिष्ठ आपला गट मोडून तुम्हाला दक्षिणेतल्या गटांमध्ये वाटून द्यायचं म्हणतायत," ती म्हणाली. "तुम्हाला सगळ्यांना एकत्र राहायचंय का? तुमचं ऐकूनच मी हॉकानला कळवणार आहे."

कोणी काही बोललं नाही. योक्मोक्कचा स्टेलान खिडकीकडे बघत होता. सोर्सेलेच्या माई-लिसने खाली वाकून कुत्र्याला काहीतरी दिलं. पायालाची आयरी, गटातली सगळ्यात मोठी, तिच्याकडे सरळ बघत होती. सभ्यपणे जितकं थांबता येईल तितकं पर्निला थांबली.

"ठीक आहे. धन्यवाद," ती म्हणाली आणि तिने मीटिंग संपवली.

ही शांतता तिला नवीन नव्हती. सगळ्यांचे सूर जुळावेत म्हणून तिने शुक्रवारची कॉफी सुरू केली होती. प्रत्येकाने आपापला कप घेऊन स्क्रीनसमोर बसायचं आणि कामाचं सोडून काहीही बोलायचं. सगळे वेळेवर यायचे, कॉफी प्यायचे आणि जायचे. एकदा तिने विचारलं, "कशी झाली आजची कॉफी?" तर स्टेलान म्हणाला, "छान होती. मीच केली होती." ती हसली, पण ते वाक्य तिला दिवसभर टोचत राहिलं.

संध्याकाळी हॉकानचा फोन आला. तो तिचा वरिष्ठ. "काय म्हणाले तुझे लोक?"

"काहीच नाही."

"मग झालं की. ज्यांना राहायचं असतं ते बोलतात."

पर्निलालाही तसंच वाटलं. "दे वाटून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयरीचा दोन ओळींचा निरोप आला. या महिन्याच्या शेवटी मी काम सोडते. या वयात नव्या माणसांशी नव्याने जमवून घेणं मला होणार नाही.

पर्निलाने तो निरोप पुन्हा वाचला. कोणी कठीण फोनवर अडकलं की आयरीला विचारत असे. कुठल्या गावाहून दवाखाना किती लांब, मार्चमध्ये कुठला रस्ता बंद असतो, कुठली म्हातारी दुखणं लपवते, हे तिला ठाऊक होतं. ती गेली तर तिच्या आधाराने काम करणारी माई-लिसही जाणार. ज्या बाईच्या घराचा उंबरासुद्धा आपण पाहिलेला नाही, तिचा राजीनामा दोन ओळी वाचून मंजूर करायचा, हे पर्निलाच्या मनाला पटेना. सोमवारी तिने विमान पकडलं आणि मग भाड्याच्या गाडीतून बर्फातून पायालाला पोचली.

दार आयरीच्या नवऱ्याने उघडलं. एइनो त्याचं नाव. हाताला ग्रीस लागलेलं.

"तू ती माल्मोवाली?"

"हो. आयरी आहेत का? न कळवता आले, माफ करा."

"फोनवर आहे. आत ये, पाय गारठतील. बूट तिथेच काढ."

त्याने हात धुतले, कॉफी ओतली, इकडच्या रीतीने चीजचे तुकडे कपात टाकले आणि चमचा तिच्यापुढे ठेवला. मान खाली घालून, हात जोडून त्याने मनातल्या मनात प्रार्थना म्हटली, मग प्यायला लागला. बंद दारामागून आयरीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

"खूप फोन येतात का त्यांना?" पर्निलाने विचारलं.

एइनोने ओठ चंबू करून झटकन श्वास आत ओढला. चटका बसल्यावर निघतो तसा बारीकसा आवाज आला.

पर्निलाला तो आवाज माहीत होता. उत्तरेकडची माणसं 'हो' असंच म्हणतात, आणि त्यांची नक्कल करायची झाली तर दक्षिणेत सगळे हेच करून दाखवतात. ती हसणारच होती, इतक्यात तिच्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत आपल्या गटातल्या एकाच्याही तोंडून हा आवाज आपण ऐकलेला नाही. हे सगळे तर इथलेच, जन्मापासूनचे.

तिने कप खाली ठेवला.

आयरी बाहेर आली तेव्हा डोक्यावरचा हेडफोन तिने मानेवर सरकवला होता. पर्निलाला पाहून ती दारातच थांबली.

"राजीनामा न्यायला स्वतः आलीस होय? टपालाने पाठवला असता मी."

"आयरी, गुरुवारी मी विचारलं, तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"हो म्हटलं."

"आणि बाकीचे?"

"ते गप्प होते," आयरी म्हणाली. तिने खुर्ची ओढली, पण बसली नाही. "मी एकटीच हो म्हटलं. ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली त्यांना मी नकोय, तर कशाला चिकटून राहायचं? आणि तू तर ऐकलं न ऐकल्यासारखं केलंस. धन्यवाद म्हणालीस नि गेलीस."

पर्निलाने तिच्याकडून हेडफोन मागून घेतला आणि एइनोच्या डोक्यावर चढवला. आयरीच्या संगणकावर एक रिकामी मीटिंग सुरू करून तिने आपला फोन तिला जोडला आणि बूट अर्धवट घालून अंगणातल्या गाडीत जाऊन बसली.

"एइनो, ऐकू येतंय का?"

फोनमध्ये काही नाही.

"एइनो? आहात ना?"

पुन्हा काही नाही. मग एकदम मोठ्याने, "अगं बाई, दोनदा हो म्हटलं! बहिरी आहेस का?"

ती परत आत आली तेव्हा एइनो अजून कुरकुरत होता. पर्निला टेबलाशी बसली. हे हेडफोन तिनेच मागवले होते. माई-लिसचा कुत्रा भुंकायचा, स्टेलानच्या दारात बर्फ काढणारी गाडी घरघरायची. फोन करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून तिने मुद्दाम आसपासचा आवाज गाळणारे निवडले. त्यांनी कुत्राही गाळला आणि हा श्वासही गाळला.

आयरी आता बसली. "म्हणून म्हातारी माणसं मला सारखं विचारतात, 'आहात ना बाई?' मला वाटायचं, आपलाच आवाज आता पोचेनासा झाला."

"मी आजच हेडफोन बदलायला सांगते."

"बदल. पण एक सांगू का तुला?" आयरीचा आवाज खाली आला. "माई-लिस गप्प बसली असं मला वाटलं, तर मी तिला फोन करून विचारायला हवं होतं. तिनेही मला. हेडफोनने काही आमचे हात धरले नव्हते. पूर्वी घरून काम नव्हतं, पाळीसाठी शहरात जाऊन सगळे एका खोलीत बसायचो, तेव्हा एखादीचा चेहरा उतरला की दुसरी आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवायची. बोलायचं काही नसे. आता तिचं स्वयंपाकघर कसं आहे हेसुद्धा मला माहीत नाही. मग तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या मनानेच लावणार ना?"

पर्निलाने एकेक करून बाकीच्यांना फोनवर विचारलं; गुरुवारी सगळ्यांनीच 'हो' म्हटलं होतं. मग तिने तिथेच बसून हॉकानला फोन लावला.

"मी तुला चुकीचं सांगितलं. माझ्या लोकांना एकत्र राहायचंय."

"आता? कागद वर गेलाय, पर्निला."

"मग दुसरा पाठव."

"आणि कारण काय लिहू? लोकांचं मत चार दिवसांत बदललं?"

"त्यांचं मत तेच होतं. प्रमुखाने उत्तर न ऐकता मीटिंग बंद केली, असं लिही. माझं नाव घाल."

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली. एइनो चीजचा तुकडा चमच्याने शोधत होता, तोही थांबला.

"उन्हाळा संपेपर्यंत ठेवतो," हॉकान शेवटी म्हणाला. "तोपर्यंत हा गट नीट चालतोय असं मला दिसलं पाहिजे. आणि तुझी ती शुक्रवारची कॉफी वगैरे मला मोजून दाखवू नकोस."

तिने फोन ठेवला. आयरी तिच्याकडे बघत होती, पण चेहऱ्यावर आनंद असा काही नव्हता.

"मी राजीनामा अजून मागे घेतलेला नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तू प्रत्येकाच्या घरी जाऊन शेजारी बसायचं. तपासायला नाही, नुसतं बसायचं. आणि मग आम्हीही एकमेकांकडे जाणार. प्रवासखर्चाचं काय ते तू बघ."

"बघते."

"कधीपासून?"

पर्निलाचं परतीचं विमान संध्याकाळचं होतं. तिने ते एइनोसमोरच रद्द केलं. तो म्हणाला, "वरच्या खोलीत गादी आहे. पण हीटर ठोकावा लागतो," आणि ग्रीसचा डबा घेऊन बाहेर गेला.

आतली खोली लहान होती. टेबल, पडदा, खिडकीबाहेर नदीवरचा पांढरा बर्फ, डोळे दिपतील असा. पर्निलाने स्वयंपाकघरातली खुर्ची नेऊन आयरीच्या बाजूला ठेवली आणि दुसरा हेडफोन कानाला लावला. पहिलाच फोन एका तरुण आईचा होता. बाळाला ताप, दूध कमी पितंय. आयरीने हळूहळू सगळं विचारून घेतलं. लंगोट ओला होतोय का, मान वळवतंय का, अंगावर पुरळ आहे का. काळजीचं काही दिसत नव्हतं. काय द्यायचं, काय पाहायचं, ते तिने सांगितलं.

"बरं," ती आई म्हणाली.

इथे फोन संपायला हवा होता. पर्निलाच्या ओठांवर 'धन्यवाद' आलंच होतं. आयरी मात्र बोलली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. पलीकडे बाळाचा कण्हण्याचा आवाज, मग नळाचं पाणी, मग तेही बंद. पर्निलाने आपली बोटं एकमेकांत घट्ट गुंतवली.

"मी घरात एकटीच आहे," ती आई एकदम म्हणाली. "नवरा खाणीवर गेलाय, शुक्रवारी येईल. मला झोपच लागत नाहीये. बाळाची भीती नाही वाटत, माझीच वाटते."

"हं," आयरी म्हणाली. "मग आता तुझं सांग मला."

तो फोन खूप वेळ चालला. संपल्यावर आयरीने त्या मुलीच्या गावच्या नर्सला दुसऱ्या दिवशी सकाळीच घरी जायला सांगितलं आणि हेडफोन काढून कान चोळले. पर्निलाला काही विचारायचं होतं, पण ती थांबली.

आयरीने खिडकीचा पडदा थोडा ओढून घेतला. "पुढच्या महिन्यात मी माई-लिसकडे जाईन," ती म्हणाली. "मला कुत्र्यांची भीती वाटते, तेवढं तिला सांगून ठेव."