वाऱ्याच्या मुलाचं वजन

ओल्या फरशीवर त्याच्या पावलाचा ठसा उमटला तो फक्त पाच बोटांचा आणि टाचेच्या बाहेरच्या कडेचा. मधला भाग कोरडाच राहिला. मापारीण टॉवेल घेऊन न्हाणीच्या दाराशी उभी होती. बोटं वाळायला अठरा सेकंद लागली, टाचेची कड बाविसाव्या सेकंदाला गेली. तीन महिन्यांपूर्वी टाच पूर्ण उमटत होती.

"काय बघतेस एवढं? फरशी बदलायची आहे का?" नवऱ्याने विचारलं.

"पाय पुसून ये. घसरशील."

"मी? मी घसरलो तरी खाली पोचेपर्यंत तुझा चहा उकळून होईल."

ती हसली. हसायचं म्हणून.

त्याची आई माणूस होती आणि बाप वारा. त्या शहरात याचं कुणाला नवल नव्हतं. नदीच्या दोन मुली रंगाच्या कारखान्यात कामाला होत्या, विजेचा एक मुलगा रस्त्यावरचे दिवे सांभाळायचा. लोक त्यांना अर्धे म्हणत, पण तोंडावर नाही. हा काचेच्या भट्टीवर होता. इतरांना जो काचेचा फुगा तीन दमांत फुगवावा लागे, तो याच्या एका फुंकरीत व्हायचा, म्हणून सगळे त्याला फुंकऱ्याच म्हणायचे.

अर्ध्यांमधला माणूस असतो तो त्यांच्या वजनात, आणि पंचविशी उलटली की ते वजन उतरू लागतं. ज्याच्यावर जीव आहे अशा माणसाने लग्नात त्याचं मनगट पकडून 'धरते' म्हटलं, की अर्धा जमिनीवर टिकतो. मात्र ज्याने धरलं त्यानेच सोडायचं, असा तिथला दंडक होता. वजन वीस किलोच्या वर असताना सोडलं, तर तो अख्खाच्या अख्खा आपल्या देवाकडे जातो, रूप, आवाज, आठवणी सगळं घेऊन. वीसच्या खाली उतरला की मात्र ना घरचा ना आभाळाचा. नुसता विरून जातो आणि मग जन्मदात्या देवालाही सापडत नाही. सोडायचं तेही कधीही नाही. दर तीन महिन्यांनी मापाचा दिवस येतो, त्याच दिवशी, मापगृहात, साक्षीदारासमोर.

आज मापाचा दिवस होता. आणि मापगृहात अर्ध्यांची वजनं घ्यायचं काम तिचंच होतं.

त्यांची ओळखही तिथलीच. सहा वर्षांपूर्वी तो काट्याच्या फळीवर चढला तेव्हा तिने वाचलं होतं, "चव्वेचाळीस."

"सकाळपासून भट्टीपुढे घाम गाळतोय, बाई. दोन वाढवून लिहा."

"नियमात बसत नाही."

"मग नियम थोडा सैल करा. तो पण बसेल, मी पण बसेन."

तेव्हा तिने एक ग्रॅमही वाढवला नव्हता. पण दीड वर्षापूर्वी काटा तिसाच्या खाली आला. असं झालं की थोरले मापारी घरच्यांना समोर बसवतात, आकडा वाचून दाखवतात आणि विचार करा म्हणतात. तो आकडा त्याच्या कानावर जाऊ नये, म्हणून तिने फळीच्या खालच्या हुकाला शिशाची एक किलोची चकती अडकवली. पुढच्या मापाला दोन. गेल्या वेळी सहा. तिचं शिक्षण मोजमापाचं, त्यामुळे स्वतःची समजूतही तिने तशीच घातली: चकत्या किती ते आपल्याला ठाऊक आहे, तेवढ्या वजा केल्या की खरं वजन निघतं, मग खोटं आहे कुठे? चूक माहीत असली की ती चूक राहत नाही, असं तिला तिच्या गुरूंनी शिकवलं होतं. त्यांनी काट्यांबद्दल शिकवलं होतं.

शिवाय ती धरून चालली होती की वजन सरळ रेषेत उतरेल, महिन्याला पाव किलो, म्हणजे हातात अजून तीन वर्षं. रेषा सरळ राहिली नाही. जितकं कमी, तितकं वेगाने जाऊ लागलं.

स्वयंपाकघरात सासूबाई खिडकीशी झगडत होत्या. वाऱ्याने ती तिसऱ्यांदा उघडली होती.

"आले बघ तुझे सासरे," त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्षं झाली, एकदा कडी वाजवून येतील तर शपथ."

"आई, ते ओळखत असतील का आपल्याला?"

सासूबाईंनी कडी सोडून दिली. "मला कुठे सांगायला आलेत? पण दोरीवर चार घरांचे कपडे असतात, आणि आधी हलते ती माझीच साडी. आता याला ओळख म्हण नाहीतर योगायोग. तू शिकलेली आहेस."

मापारीण कप विसळत राहिली.

"त्याची चादर मी बदलते," सासूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "उशीला खड्डा पडत नाही आता. नऊ महिने पोटात वागवलंय मी त्याला, सूनबाई. त्याचं ओझं मला कुणी काट्यावर दाखवायला नको."

"तुम्ही येता का आज?"

"नाही. मी त्याच्या बापाला एकदा जा म्हटलंय. तेवढं पुरे एका जन्माला." त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग त्याच पदराने उगीच ओटा पुसला. "माझ्याकडे बघून काही ठरवू नकोस. पण ठरव. उद्यावर ढकलायला आता उद्या तरी कुठे उरलाय?"

मापगृह तीन गल्ल्या पलीकडे होतं. रस्त्यात तिने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. दुरून बघणाऱ्याला वाटावं, काय प्रेम! पण तिने पकड ढिली केली असती तर चौकातल्या झोताने त्याला दोन दुकानं पुढे नेऊन ठेवलं असतं. शिंप्याने दुकानातून हाक मारली, "काय फुंकऱ्या, बायकोने बांधूनच नेलं की आज!"

"नेऊ दे. सुटलो तर तुझ्या छपरावर यायचो," तो म्हणाला. पुढच्या वळणावर हळूच बोलला, "किती चकत्या लावणार आहेस आज?"

तिचे पाय थबकले.

"मला माहीत आहे. वर्ष झालं," तो म्हणाला. "अगं, भट्टीवर नळी उचलायला जातो तर नळीच मला उचलते. मुकादमाने माझ्या बुटांत खिळे भरलेत. आणि काट्यावर माझे एकतीस किलो! मला काय आनंदाने वजन वाढलं वाटलं?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू सोडलं असतंस."

हे खरं होतं. दोघंही एकमेकांपासून एकच आकडा लपवत एका ताटात जेवत होती.

"गेल्या वेळी खरं वजन पंचवीसच्या जरा वर होतं," ती म्हणाली. तिचा आवाज आकडे सांगताना नेहमी असायचा तसाच सपाट होता, आणि त्याचा तिला राग आला. "आता महिन्याला सव्वा किलो जातंय. पुढच्या मापाला तू वीसच्या खाली असशील."

"वीसला किती दिवस आहेत?"

"महिनाभर."

"मग महिना दे." त्याने तिच्याकडे पाहिलं. "मला तिकडे जाऊन काय करायचंय? झाडं हलवू? मी विरलो तर आपल्या घरात विरेन. चहाच्या वाफेत म्हण, तुझ्या केसांत म्हण. कुठेतरी सापडेनच."

"नाही सापडणार," ती म्हणाली. "मी पाहिलंय. पावसाची एक मुलगी होती, नवऱ्याने सोडलंच नाही. तो अजून येतो आणि ती बसायची त्या बाकावर हात फिरवून जातो. बाक कोरडा असतो."

मापगृहाची खोली उंच आणि थंड होती. एका भिंतीला कपाट, मध्ये काटा, समोर थोरल्या मापाऱ्यांचं टेबल. ते साक्षीदार म्हणून बसायचे, आणि त्यांना एकाच कानाने ऐकू यायचं.

"ये फुंकऱ्या," ते म्हणाले. "वितळला नाहीस ना अजून?"

"तुमची परवानगी नव्हती, काका."

खिळ्यांचे बूट काढून तो फळीवर चढला. या वेळेला ती नेहमी खाली वाकायची, फळीखालची धूळ पुसल्यासारखं करायची आणि चकत्या अडकवायची. मागच्या हिशेबाने आज दहा लागल्या असत्या. सगळ्या तिच्या खणात होत्या. फळीवरून तो तिच्याकडे बघत होता आणि त्याची नजर म्हणत होती, वाक.

ती वाकली नाही. तिने दांडीवरचा सरकता भार तिसावर नेला. दांडी उठलीच नाही. अठ्ठावीस. पंचवीस. तेवीस. एकवीस आणि वर चारशे ग्रॅमला दांडी उठली, दोनदा डोलली आणि आडवी थांबली.

"एकवीस किलो चारशे ग्रॅम," ती म्हणाली.

थोरल्या मापाऱ्यांनी चष्मा वर केला. "काटा बिघडलाय."

"काटा बरोबर आहे, काका. बिघडवत मी होते. गेली दीड वर्षं त्याची वजनं खोटी आहेत." तिने खण उघडून चकत्या त्यांच्यासमोर ठेवल्या. एकावर एक, काळ्या, जड. "नोकरीचं काय करायचं ते करा. पण आज आधी याचं लिहून घ्या."

म्हाताऱ्याने एक चकती उचलून तळहातावर तोलली. तिला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. "पोरी, पोरी," एवढंच म्हणाले. मग दौतीचं झाकण काढलं आणि अंगरखा सारखा केला, कारण तो प्रश्न बसल्या बसल्या विचारायचा नसतो. ते उठून उभे राहिले.

बाहेर वारा उठला होता. उंच खिडकीचं तावदान खडखडत होतं, पण आत येत नव्हता तो. वाट पाहत असावा.

"धरता की सोडता?"

फळीवर उभ्या नवऱ्याने हात पुढे केला, मनगट वर करून, लग्नात केला होता तसा. "धरते म्हण," तो पुटपुटला. "एक महिना गं. फक्त एक."

तिने त्याचं मनगट हातात घेतलं. त्यात वजन जवळजवळ नव्हतंच, नुसती ऊब होती. भट्टीवर पोळल्याचा जुना डाग होता, तो तिने अंगठ्याने चाचपला. मग हात मागे घेतला.

तिचे ओठ हलले.

"मोठ्याने, बाई," थोरले मापारी म्हणाले. "ऐकू आल्याशिवाय मला लिहिता येत नाही."

"सोडते," ती म्हणाली.