चावला

धाकटी अर्क उकळायची आणि थोरली तो चाखायची. वडील होते तेव्हापासून कामाची वाटणी अशीच होती. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांबट खोली, दोन शेगड्या, मोठी पातेली, गाळायची फडकी आणि भिंतीशी रचलेली बाटल्यांची खोकी. काडेचिराइताच्या कडू काड्या भिजवायच्या, मंद आचेवर आटवायच्या, गाळून पुन्हा आटवायच्या. शेवटी थोरली चमच्यातले दोन थेंब जिभेवर घेई, डोळे मिटे आणि एकच शब्द बोले.

"चावला."

म्हणजे कडूपणा जिभेच्या मुळाशी पोचला, बाटल्या भरायला हरकत नाही. तो शब्द आला नाही तर पातेलं पुन्हा शेगडीवर.

उकळणाऱ्याने चाखायचं नाही, हा वडिलांचा नियम. दिवसभर वाफ नाकातोंडात गेलेली, अशा जिभेला काय कळणार, असं ते म्हणत. धाकटीने तो इतका पाळला होता की स्वतःच्या हातचा अर्क कसा लागतो, हे तिला आता आठवतही नव्हतं.

माल दुकानांत पोचवायचं काम थोरलीच्या जावयाकडे होतं. बाटलीवर हिरवं पान आणि 'वेलनेस अर्क' ही अक्षरं त्यानेच आणली.

"वेलनेस म्हणजे रे काय?" थोरलीने विचारलं होतं.

"तेच आपलं जुनं, आई. फक्त चमच्याऐवजी ड्रॉपरने घ्यायचं. आणि दुकानदार विचारतात, अर्क चावतो म्हणजे काय हो? मी म्हणतो, आधी माझ्या सासूबाईंना भेटा, मग कळेल."

थोरलीने हातातलं ओलं फडकं त्याच्या पाठीत घातलं होतं.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा एका घाण्याला थोरलीने मान हलवली. "नाही चावला." धाकटीने तो आणखी आटवला. पुढचा घाणाही चावला नाही, त्याच्या पुढचाही नाही. धाकटी काष्ठौषधींच्या व्यापाऱ्याशी भांडून आली. "काड्या त्याच, बाई, गठ्ठाही तोच," तो हात जोडून म्हणाला. तिने व्यापारी बदलला. मग पाणी बदललं, पातेलं बदललं, शेवटी काड्याच दीडपट घालू लागली. तेव्हा कुठे थोरली पुटपुटली, "चावला वाटतं."

'वाटतं' हा शब्द तिने याआधी कधी जोडला नव्हता. धाकटीला तो ऐकू आला, पण गाळणं चालू होतं आणि हात रिकामे नव्हते.

महिनाभरात जावई एक खोकं परत घेऊन आला. सगळ्या बाटल्या उघडलेल्या, जेमतेम वापरलेल्या.

"मावशी, हे काय चाललंय? लोकांना तोंडात धरवत नाही. एक बाई म्हणाल्या, वेलनेस राहू दे, आधी होतं ते तोंड परत द्या."

"ताईने पास केलाय," धाकटी म्हणाली. तिच्या लेखी विषय तिथे संपत होता.

"मग तुम्ही घेऊन बघा."

"मी चाखत नाही."

"आज चाखा."

त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून तिने घेतला. कडूपणा टाळूपासून पोटापर्यंत उतरत गेला, कान गरम झाले, डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. तोंड धुऊन तिने मागे पाहिलं. थोरली उंबऱ्यापाशी स्टुलावर बसून फडक्यांच्या घड्या घालत होती. एक घडी घातली की थांबे, दम खाई, मग दुसरी घेई. पोलक्याच्या बाह्या दंडाभोवती लोंबत होत्या. त्या धाकटीनेच दोनदा आत घेतल्या होत्या आणि दोन्ही वेळा म्हणाली होती, बरं आहे, कापड वाचतंय.

"ताई, जेवणाला चव लागते का तुला?"

थोरलीने हातातली घडी पुरी केली. "मला वाटलं, माझ्या रक्तदाबासाठी तूच मीठ कमी केलंयस. म्हटलं, बिचारी काळजीपोटी करते, कशाला बोलायचं."

"मी मीठ कमी केलेलं नाही."

"हो का," थोरली म्हणाली, आणि पुढचं फडकं उचललं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाचे फोटो उजेडावर धरून पाहिले. गाठ जुनी होती आणि यकृतापर्यंत गेली होती. "चव कधीपासून गेली?" त्यांनी विचारलं. धाकटी म्हणाली, "पहिल्यांदा नाही चावला म्हणाली तेव्हापासून." डॉक्टरांना काही कळलं नाही. तेव्हाच आणलं असतं तर, असं ते काहीतरी म्हणाले आणि वाक्य अर्धं सोडून लिहू लागले. तेव्हा धाकटी व्यापाऱ्याशी भांडत होती. काड्या, पाणी, पातेलं, सगळ्यांवर तिने संशय घेतला होता. जिभेवर घेतला नव्हता.

थोरलीचा पलंग पुढच्या खोलीत, खिडकीशी लावला. जावयाने अर्काचा दाटपणा मोजायचं छोटं यंत्र आणून दिलं. "आईंना आता त्रास नको, मावशी," तो हळूच म्हणाला. धाकटीने यंत्र फळीवर ठेवलं. काड्या पुन्हा जुन्या मापाने घालू लागली आणि घाणा उतरला की चमचा घेऊन पुढच्या खोलीत जाऊ लागली. थोरली दोन थेंब जिभेवर घेई, डोळे मिटे आणि पुष्कळ वेळाने नुसती मान हलवी. हो की नाही, ते कळत नसे.

एका सकाळी तिने डोळे मिटलेच नाहीत. ती धाकटीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू चाखलंस ना?"

धाकटीने चाखलं नव्हतं. चमचा सरळ तिच्याकडेच आणला होता.

"नियम मोडलास," थोरली म्हणाली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जुनं हसू हललं. "पाणी आलंय बघ डोळ्यांत. चावला."

"चावला," धाकटी म्हणाली.

मागच्या खोलीत येऊन तिने उरलेला चमचा चाटला. अर्क फिका होता, अजून आटायला हवा होता. पण थोरलीने पास केलेला घाणा आजवर परत शेगडीवर गेला नव्हता. तिने आच बंद केली आणि नरसाळं लावून बाटल्या भरायला घेतल्या. झाकणं घट्ट केली, बाटल्या पुसल्या, हिरव्या पानाची चिठ्ठी मात्र एकाही बाटलीला लावली नाही.

संध्याकाळी जावई माल न्यायला आला तेव्हा ती म्हणाली, "आज काही नाही. हा घाणा घरचा आहे."