सहा घरांचं कपाट

घरमालक वर्तमानपत्र नाचवत जिना चढून वर आला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी शिजतंय. एरवी नळ गळतोय म्हणून दहा फोन केले तरी हा माणूस फिरकत नाही.

"हे बघा, छापून आलंय," तो म्हणाला. "आपल्यासारखीच पाच मोठी शहरं घेतली. तेवढीच वस्ती, तेवढेच कारखाने. त्यात सगळ्यांत स्वस्त भाडं कुठे? आपल्याकडे! नशीबवान आहात तुम्ही."

"बरं, मग?"

"मग काय, फारच कमी आहे ना ते. मला दीडपट देणारं गिऱ्हाईक मिळालंय. तेव्हा तुम्ही खोल्या मोकळ्या करा."

म्हणजे बघा, स्वस्त आहे म्हणून मी आभार मानायचे, आणि स्वस्त आहे म्हणूनच मी चालतं व्हायचं. छापाही ह्याचाच आणि काटाही ह्याचाच!

"करार अजून पाच महिने आहे," मी म्हटलं.

"अहो, करार म्हणजे शेवटी कागद. कागदाचं काय घेऊन बसलात? माणसानं माणसासारखं वागावं. रविवारी ट्रक मीच पाठवतो, तुम्हाला एक छदाम पडायचा नाही."

असा राग आला म्हणता! पण आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आहे गं?" आणि मी गिळला.

सासूबाईंची दृष्टी जाऊन चार वर्षं झाली. माझा नवरा त्याच्याही आधी गेला, तेव्हा घरात आम्ही दोघीच. आधीच्या घरात न्हाणीघर डाव्या हाताला होतं, इथे उजव्या. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या सवयीनं डावीकडे वळल्या, उंबऱ्याला अडखळल्या आणि खुबा मोडून बसल्या. घर पाठ करायला त्यांना वर्ष लागलं. पलंगापासून ओट्यापर्यंत नऊ पावलं, ओट्यापासून न्हाणीपर्यंत सहा. आता चहा त्या स्वतः करतात, थेंब सांडत नाही, आणि माझा चहा पाणचट असतो हे दोनदा ऐकवतात. हे घर सुटलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. आणि ह्या वयात दुसरा खुबा कोण जोडून देणार?

माझं काम काय, तेही सांगते. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत मी फिटर आहे. कपाटं, पलंग, टेबलं इथे उघडायची आणि तिथे जोडायची. हल्लीची कपाटं भुशाच्या फळीची. स्क्रू एकदा काढला तर पुन्हा बसतो, दुसऱ्यांदाही बसतो, तिसऱ्यांदा नुसता गरगर फिरतो. मग भोकात गोंद लावलेली काडेपेटीची काडी मोडून घालायची, की पकडतो. भोकांतल्या काड्या बघून मी सांगते, हे बिऱ्हाड कितीदा उठलं ते. माणसं खोटं बोलतात, कपाट बोलत नाही.

आणि मी स्वतः चौदा वर्षं एका गोष्टीत मूर्ख होते, ते ह्या गडबडीत उघडं पडलं.

माझी धाकटी बहीण त्याच पाच शहरांतल्या दुसऱ्या एका शहरात असते. आमची लग्नं एकाच वर्षी झाली. वडिलांनी एकाच सुताराकडून दोघींना भुशाच्या फळीचीच एकसारखी दोन कपाटं करून दिली, म्हणजे भांडण नको. तिचं भाडं माझ्या जवळजवळ दुप्पट. दर फोनला मी टोमणा मारायची, "काय बाई तुमचं शहर, नुसतं लुटतं! ये इकडे निघून." ती हसून म्हणायची, "दुरून डोंगर साजरे, ताई."

त्या संध्याकाळी घरमालकाचं गाऱ्हाणं सांगायला फोन लावला आणि बोलता बोलता सहज विचारलं, "तुझ्या कपाटात काड्या किती झाल्या गं?"

"कसल्या काड्या?"

"स्क्रू सैल झाले की घालतात त्या."

"सैल कशाला होतील? लग्नात उभं केलं, तिथेच उभं आहे. उघडलंय कुणी त्याला?"

"एकदाही नाही?" मी पुन्हा विचारलं.

तिनं मग सांगितलं, इतकी वर्षं कधी सांगितलं नव्हतं. तिच्याकडे भाडेकरूला उठवायचं तर मालकाला कचेरीत जाऊन कारण दाखवावं लागतं. भाडंही वर्षाला ठरल्याइतकंच वाढतं. "सुख नाही गं," ती म्हणाली. "भाडं भरता भरता जीव मेटाकुटीला येतो. दोन-दोन नोकऱ्या करते. पण ऊठ म्हणून कुणी म्हणत नाही."

फोन ठेवून मी माझं कपाट उघडलं आणि बॅटरी लावून बसले. एकतीस काड्या! चौदा वर्षांत सहा घरं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आणि मी तोऱ्यात सांगत फिरत होते, आमचं शहर स्वस्त. घरमालक इथेच टाकून गेला होता त्या वर्तमानपत्रातल्या भाड्याच्या तक्त्यात पेन्सिलीनं मी आणखी एक रकाना आखला, "एका घरात किती वर्षं". बहिणीच्या शहरापुढे लिहिलं चौदा. आमच्यापुढे सव्वादोन. मग ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आणि सासूबाईंना म्हटलं, "आपण कुठेही जात नाही."

"मी कुठे उठले होते?" त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी घरमालक खाली उभा, कमरेवर हात. ट्रक आला. मी खिडकीतून बघितलं आणि हसूच फुटलं. ट्रक आमच्याच कंपनीचा! मेल्यानं सगळ्यांत स्वस्त कंपनी धरली होती. दोन वर्षं माझ्याकडून भाडं घेतलं, पण बाई काम कुठे करते, हे कधी विचारलं नाही.

ड्रायव्हर मामा कागद हातात घेऊन वर आले. मागे पैलवान. त्याला पैलवान म्हणतात कारण वाऱ्यानं उडेल असा आहे, पण फ्रीज एकटा उचलतो.

"अगं, हा तर तुझा पत्ता!" मामा म्हणाले.

मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तोवर घरमालक धापा टाकत वर पोचला. "बघता काय? सामान काढा!"

"काढतो की," मामा शांतपणे म्हणाले. "सामान ज्याचं, त्याची इथे सही लागेल. आणि कपाट, पलंग उघडल्याशिवाय जिन्यातून उतरत नाहीत. ते काम फिटरचं. आम्ही स्क्रूला हात लावत नाही."

"मग बोलवा तुमच्या फिटरला!"

मामा माझ्याकडे वळले. चेहरा अगदी गंभीर. "काय फिटर, येताय का कामावर?"

"माझी आज रजा आहे," मी म्हटलं. "आणि सही तर मुळीच नाही."

पैलवान पायरीवरच बसला. घरमालक आधी लाल झाला, मग फोन कानाला लावून खाली गेला.

"आलेच आहेत सगळे, तर चहा टाकते," सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या. एक हात भिंतीवर, तोंडानं पावलं मोजत. कोपऱ्यापाशी भिंत संपते, तिथे दोन पावलं हात नुसता हवेत चाचपडतो. रोजचंच होतं ते. पण मामा बघत होते म्हणून मलाही नव्यानं दिसलं.

"इथे धरायला दांडा का नाही लावलास? तू फिटर ना?"

"भिंतीला खिळासुद्धा मारायचा नाही. करारात आहे."

बोलले आणि माझीच मला लाज वाटली. अख्ख्या गावाची घरं जोडते मी, आणि माझ्या म्हातारीला धरायला दांडा नाही!

"पैलवान," मी म्हटलं, "ट्रकमध्ये ते दोन लांब पाइप पडलेत ना, कुणालाच नको असलेले? त्यातला एक आण. आणि ड्रिल आण."

पहिलं भोक पडलं तेव्हा खाली खणखणीत ऐकू गेलं असणार. दुसऱ्या भोकाला घरमालक दारात. "अहो! काय चाललंय! भिंतीला भोक पाडायचं नाही, करारात स्पष्ट लिहिलंय!"

मी ड्रिल थांबवलं. "कुठल्या करारात?"

"आपल्या! तुमची सही आहे त्यावर!"

"आणि तुमची?"

"माझीही आहे!"

"म्हणजे आहे तर करार," मी म्हटलं. "मामा, ऐकलंत ना? परवा नुसता कागद होता. आता दोन्हीकडच्या सह्या आहेत. मग सगळाच वाचू की. भोकं मी जाताना बुजवून देईन, लेखी देते. आणि पाच महिने तुम्ही इथे ट्रक आणायचा नाही, ते तुम्ही लेखी द्या. पाच महिन्यांनी या, पण कारण घेऊन या. वर्तमानपत्र नको."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यानं भिंतीकडे बघितलं, पैलवानाकडे बघितलं, आणि मी पुढे केलेल्या कागदावर सही करून जिना उतरला.

दांडा बसला. स्क्रू कडक गेले, एकही काडी लागली नाही. सासूबाईंनी पलंगापासून त्यावर हात फिरवत कोपरा पार केला, ओट्यापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या.

"इथवरच?"

"आणखी कुठे न्यायचा?"

"बाहेरच्या दारापर्यंत ने. पुढच्या वेळी तो आला की दार मी उघडणार आहे."

मी पैलवानाला उरलेला पाइप आणायला खाली पाठवलं.