हात गोविंदाचा नाही

गोविंदा जाऊन वर्ष व्हायला आलं, तरी गणपतीच्या कारखान्याच्या वेबसाइटवर तो अजून हसत उभा होता. फोटोखाली लिहिलेलं, 'डोळ्यांची आखणी स्वतः गोविंदा करतात.' ते काढून टाकायचं त्याच्या बायकोच्या, मैनाच्या, मनातच आलं नाही. आणि नेमकं तेच अंगाशी आलं.

लंडनचा सुशील हे जुनं गिऱ्हाईक, दरवर्षी पेणहून शाडूची मूर्ती मागवणारं. यंदा मूर्ती पोचली आणि त्याने कार्डाच्या बँकेत तक्रार ठोकली. मूर्ती सुरेख आहे, पण डोळे गोविंदाच्या हातचे नाहीत, पैसे परत द्या. बँक आता मैनाला विचारत होती, तक्रार मान्य करता की पुरावा देता? मुदत उद्यापर्यंतच होती. मान्य केली तर मूर्तीही गेली आणि पैसेही.

वेबसाइटचं सगळं तिचा पुतण्या अमोल बघायचा. तो रोह्याला कंपनीत कामाला. फोनवर म्हणाला, "काकी, काकाच नाय तर डोळे त्यांचे कुठून असणार? मान्य करून टाकू." मैनाने फोन ठेवला, कारखान्याला कुलूप घातलं आणि रोह्याची गाडी पकडली.

अमोलला काय ठाऊक! गोविंदाचा हात काही वर्षांपूर्वीच थरथरू लागला होता. तेव्हापासून मागच्या खोलीत, दार लोटून, डोळे मैनाच आखत होती. पेणमध्ये कुणाच्या आमटीत मीठ जास्त पडलं तरी शेजारणीला आधी कळतं, पण ही गोष्ट काही फुटली नाही. गिऱ्हाइकं पुढच्या खोलीत गोविंदाच्या हाताची तारीफ करायची आणि मैना त्यांच्यासाठी चहा टाकायची. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं असं कुणी म्हणू नये. वाटायचं, आणि मनाला चांगलंच लागायचं. पण नवऱ्याचा मान चारचौघांत कमी झालेला तिला चालला नसता.

कासू स्टेशन गेलं, नागोठणे गेलं, निडी आलं, तरी तिच्या मनात एकच वाक्य घोळत होतं. सुशीलला आवडलेले ते सगळे डोळे माझेच. हे एकदा तरी कुणीतरी ऐकावं असं तिला फार वाटत होतं. आणि ते सांगितलं की मेलेल्या माणसाचं नाव पुसलं जाणार, याची भीतीही तेवढीच वाटत होती.

अमोल शिफ्ट संपवून नुकताच खोलीवर आला होता. सुशीलने तक्रारीला फोटो जोडले होते, ते त्याने मोबाइलवर मोठे करून दाखवले. मागच्या वर्षीचा गणपती आणि यंदाचा, शेजारीशेजारी.

मैना बघत राहिली. हात तिचाच होता. पापणीची रेघ तीच, बुबुळातला पांढरा ठिपकाही जिथल्या तिथे. पण मागच्या वर्षीचा गणपती समोरच्याकडे बघत होता आणि यंदाचा त्याच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी.

ती आखायला बसली की गोविंदा समोर जमिनीवर मांडी घालायचा, पूजेला बसणारा बसतो तशी. "जरा खाली आण गो," म्हणायचा. "आता बघतोय माझ्याकडं." मगच ती ब्रश ठेवायची. इतकी वर्षं तिला वाटत होतं, बिचारा नुसता सोबतीला बसतो. यंदा समोर कुणी नव्हतं आणि तिला ते जाणवलंही नव्हतं. सुशील खोटं बोलत नव्हता.

"काय करू मग, काकी?" अमोलने विचारलं.

घोळवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. ते तिने गिळलं. "मान्य कर. लिव, हात गोविंदाचा नाय."

"आणि वेबसाइटवर कुणाचं नाव टाकू?"

"कुणाचंच नको." मग म्हणाली, "अमोल, दोन दिस येशील का रे कारखान्यात? नुस्तं समोर बसायचं हाय."

"समोर बसून काय करू?"

"काय नाय. बसायचं."

"शिफ्ट बघून सांगतो," तो म्हणाला. पोरगा वाईट नव्हता, पण तो येणार नाही हे मैनाला तिथेच कळलं.

दुसऱ्या दिवशी तिने कारखाना उघडला. गावातल्या गिऱ्हाइकांच्या मूर्ती डोळ्यांवाचून रांगेत बसल्या होत्या. एक पुढ्यात घेऊन तिने रेघ ओढली, उठली, वळसा घालून समोर गेली आणि मांडी घालून बसली. नजर चुकली होती. गुडघ्यांवर हात टेकत उठली, मूर्तीपाशी आली, ब्रश उचलला, आणि नेमकी किती चुकली होती तेच विसरली. परत समोर जाऊन बसली. आता मात्र तिला उठवेना. गोविंदा गेला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, रडायला सवड मिळाली नव्हती. त्याच्या जागेवर बसून, त्या अर्ध्या डोळ्यांच्या गणपतीसमोर, ती पहिल्यांदा हमसून हमसून रडली.